गोड्या पाण्यातलं मीठ

डॉक्टरांनी मला विचारलं, “गप्प राहायला जमेल ना?” आणि मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा म्हणाला, “जमेल, जमेल.”

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. माझ्यासारख्या बडबड्या बाईनं गप्प बसायचं म्हणजे गंमतच होती. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे ही. पनवेलच्या एका मराठी शाळेत मी काही वर्षं हंगामी शिक्षिका होते. वर्गावर पत्रे, खिडकीबाहेर हमरस्ता आणि समोर साठ-सत्तर पोरं. ट्रक गेला की आवाज चढवायचा, आणि ट्रक तर सारखेच जायचे. सुरुवातीला बसलेला आवाज खडीसाखरेनं सुटायचा. मग ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, शेजारणीनं सांगितलेला काढा झाला. शेवटी आवाज असा काही फाटला की दूधवाल्यानं दाराबाहेरून विचारलं, “पाहुणे आलेत काय घरात?”

स्वरयंत्रावर दोन्ही बाजूंना गाठी होत्या. लहानशाच. ऑपरेशन अगदी किरकोळ, आज जायचं आणि उद्या घरी यायचं. खरी परीक्षा त्यानंतर होती. डॉक्टर पुन्हा तपासून परवानगी देईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्यानं ताण जास्त पडतो म्हणे. जड उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही. “यात कसूर झाली तर आवाज कायमचा असाच राहील,” ते म्हणाले आणि या वेळी हसले नाहीत.

आणि आवाज तर मला हवाच होता. जूनमध्ये शाळेतल्या एक जुन्या बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी मला घेणार, तेही कायम म्हणून, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. “तुम्ही फक्त आवाज घेऊन या,” त्या म्हणाल्या होत्या. दर मे महिन्यात नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा मिळेल का म्हणून जीव टांगणीला लागायचा, ते सगळं एकदाचं संपणार होतं. मिठागरावर राबणाऱ्या घरातली मी. आमच्या गावातून शिकून मास्तरीण झालेली पहिली मुलगी. त्या कायम नोकरीचं मला काय होतं, हे माझं मलाच माहीत.

म्हणून एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या आणि मी ऑपरेशन करून घेतलं. चार वर्षांच्या लेकीला माहेरी पाठवून दिलं. तिच्याशी न बोलता राहणं मला शक्यच नव्हतं. स्वयंपाकपाण्याला सासूबाई गावाहून आल्या. माझ्या हातात एक पाटी आली, दोऱ्यानं बांधलेल्या पेन्सिलीसकट, आणि मी मुकी झाले.

मुक्या माणसाशी लोक कसे वागतात, ते मुकं झाल्याशिवाय कळत नाही. पहिली गोष्ट म्हणजे सगळे मोठ्यानं बोलायला लागतात. शेजारीण माझ्या कानाशी येऊन ओरडायची, “बरं वाटतंय का?” जशी मी बहिरीच झाले होते. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्यादेखत तुमच्याबद्दल बोलतात. “बिचारी,” म्हणायचे, “आता नोकरीचं काय करणार हो?” आणि उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून ऐकायचे. मी पाटीवर लिहून दाखवेपर्यंत विषय भाजीच्या भावावर गेलेला असायचा. मला इतका राग यायचा! आधी मी राग आला की बोलून मोकळी व्हायचे. आता तो पोटातच राहायचा, आणि संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागायचं.

हे माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. (यापुढे मी ‘हे’ म्हणते. घरात तसंच म्हणायचे.) हे तळोज्याच्या एका कारखान्यात होते. तिथल्या एकाची बदली झाली आणि त्याच्याकडची माशांची काचेची टाकी, लोखंडी स्टँडसकट, हे टेंपोत घालून घेऊन आले. सोबत हवेचा पंप, नळी, थोडी वाळू आणि एक हिरवट पडलेली जाळी. “तुलाही बोलायचं नाही, त्यांनाही बोलायचं नाही,” म्हणाले. स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी बनियनवरच अर्धा रविवार टाकी घासण्यात घालवला. हा माणूस मनानं चांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवते.

टाकीचं मला कौतुक नव्हतं. खाडीकाठची मी, मासे म्हटलं की मला आधी टोपली आठवायची. पण रिकामी बसून बसून कंटाळले होते, म्हणून वाळू धुवायला घेतली. धुतली, पुन्हा धुतली, पाणी स्वच्छ होईपर्यंत धुतली. नळाचं पाणी भरून पहिले चार गोल्डफिश सोडले आणि ते संध्याकाळपर्यंत उताणे झाले. नळाच्या पाण्यात शुद्धीकरणाची पावडर असते. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावं, मग टाकीत घालावं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मेलेल्या माशांपुढे मी हमसून रडले, आणि तेही बिनआवाजाचं. रडायलाही बंदी होती, घशाला ताण येतो म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. बादल्या भरून ठेवायच्या, पाणी निवू द्यायचं, मगच घालायचं. बादल्या उचलायला मला मनाई, म्हणून मी तांब्यातांब्यानं टाकी भरायची. वीज गेली की पंप बंद पडायचा आणि मेमध्ये पनवेलला वीज जायचीच. मग मी तांब्या उंच धरून पाण्याची धार टाकीत सोडत बसायची, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. वेळ कसा जायचा कळायचं नाही. खरं सांगते, त्या दिवसांत घरात मला सुखाची जागा तेवढीच होती. मासे तोंड उघडायचे, मिटायचे आणि त्यातून काही ऐकू येईल अशी कोणाची अपेक्षा नसायची.

मासे घ्यायला मी उरण नाक्याजवळच्या एका दुकानात जायची. बोलायला कोणीतरी हवं म्हणून सासूबाई सोबत. दुकानदार पहिल्या दिवसापासून माझ्याशी हातवारे करून बोलायला लागला. मी पाटीवर ‘मला ऐकू येतं’ असं लिहून दाखवलं, तर मान डोलावून आणखी मोठे हातवारे! सासूबाईंना मात्र त्या दुकानाचं भारी नवल. त्यांचा जन्म चिरनेरच्या बाजूचा, सगळी हयात खाडीत आणि मिठागरात गेलेली. पिशवीतला बोटभर मासा त्या डोळ्यांसमोर धरायच्या आणि विचारायच्या, “हा मोठा व्हतो कवरा?”

“एवढाच राहतो, मावशी.”

“मंग काय उपेग?” आणि माझ्याकडे वळून, “बाय, याचं कालवनपन व्हनार नाय.”

तरी त्या रोज सकाळी टाकीसमोर बसून चहा प्यायच्या. मी दोन एंजल आणले होते, चपटे, काळ्या पट्ट्यांचे, लांबलचक परांचे. चार-सहा लाल-निळे चिमुकले टेट्रा होते, आणि काळ्याकुट्ट मॉलींची एक जोडी. एंजल सासूबाईंना विशेष आवडायचे. “पापलेटाचीच जात हाय ही,” असं त्यांचं ठाम मत होतं. आणि आणखी एक मत त्याहून ठाम होतं. मासा म्हणजे खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्यात ठेवणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. “नुसत्या पान्यात कशे जगतील गो? आमी नाय ठेवले कदी,” म्हणायच्या. मी हात जोडून मान हलवायची. यापेक्षा जास्त मला काही करता यायचं नाही, कारण सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्या घरात माझ्याबरोबर दिवसभर असणारं एकच माणूस आणि माझी पाटी नेमकी त्यांच्याच कामाची नव्हती.

म्हणून संध्याकाळी हे घरी आले की मी दिवसभराचं लिहायची आणि हे आईला वाचून दाखवायचे. माझ्याशी बोलताना शहरातलं मराठी, आईशी बोलताना गावचं. ते वाचन ऐकण्यासारखं असायचं. एकदा मी लिहिलं, ‘भाजी फार तिखट होती, घशाची आग झाली, आठवडाभर असंच चाललंय.’

हे वाचायला लागले, “भाजी बरी झाली व्हती म्हनते. उद्या जरा मिरची कमी घाल, म्हनते.”

सासूबाई खूश. मी यांच्याकडे बघितलं, तर यांनी डोळे मिचकावले. मला हसू आलं. सासू-सुनेत वितुष्ट नको म्हणून धडपडणारा नवरा कोणाला आवडणार नाही? मिरची दुसऱ्या दिवशी थोडी कमी झालीही. मग हा प्रकार रोजचाच झाला. मी लिहायची एक आणि यांच्या तोंडून ते निघायचं धार बोथट करून, साखर लावून. घरात कसलं भांडण नव्हतं. शेजारीपाजारी सासूबाई सांगायच्या, “सून तोंडातून अक्षर काढत नाय, गुनाची हाय.” मी ऐकून घ्यायची.

मेच्या सुरुवातीला मी शाळेसाठी एक चिठ्ठी लिहिली. ऑपरेशन नीट झालंय, जूनमध्ये शाळा उघडेल त्याच दिवशी मी हजर होईन, माझी जागा कृपा करून कोणाला देऊ नये, अशी. प्रवेशाच्या कामासाठी मोठ्या बाई शाळेत येत असत. हे कामावर जाता जाता देतो म्हणाले. मग चिठ्ठी वाचून म्हणाले, “हे असं लिहून पाठवलं तर बरं दिसत नाही. जागेवर डोळा ठेवल्यासारखं वाटतं. मी तोंडी सांगतो ना व्यवस्थित.”

मला पटलं. संध्याकाळी यायच्या आधीपासून मी दारात उभी. हे चपला काढत म्हणाले, “झालं काम. काळजी करू नको म्हणाल्या. तब्येतीला जप म्हणाल्या.” मी पाटीवर लिहिलं, ‘जागेचं?’ हे म्हणाले, “अगं, सांगितलं ना, काळजी करू नको म्हणून.” आणि आंघोळीला गेले. मी देवापुढे साखर ठेवली.

त्याच सुमारास माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले. रवा भुरभुरल्यासारखे दिसायचे. आधी टेट्रांना, मग एका एंजलला. मासे दगडाला अंग घासायचे, कोपऱ्यात जाऊन पर मिटून बसायचे. मी घाबरून सासूबाईंना घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं निळ्या औषधाची बाटली दिली, आणि हातानं चमचा करून दाखवत म्हणाला, “वरून चमचाभर मीठ टाका. खडेमीठ. एकदाच.”

झालं! सासूबाई भर दुकानात माझ्याकडे वळल्या. “बग! मी काय सांगत व्हती? मीठ लागतं त्यांना!” रस्ताभर त्या मला तेच ऐकवत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं मिठाची बरणी आणली. ते मीठ त्यांच्या गावाहून आलेलं, करडं, जाड खड्याचं. बाजारचं मीठ त्या घरात घेऊच द्यायच्या नाहीत. मी एक चमचा मोजून घातलं. चार-सहा दिवसांत ठिपके गेले. मासे पुन्हा फिरायला लागले आणि सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

संध्याकाळी मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. ‘आता बास. आणखी मीठ अजिबात घालू नका. हे गोड्या पाण्यातले मासे आहेत, मरतील.’ खाली दोन रेघा मारल्या.

यांनी पाटी बघितली, आईच्या उजळलेल्या तोंडाकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात पाणी आणायला वळले होते. मागून यांचा आवाज आला, “मासे बरे झाले, तुज्यामुलं झाले, म्हनते.” पुढचं मला ऐकू आलं नाही. पुढे काही असेल, असं मी धरून चालले.

त्यानंतर आठवड्याभरात माझी टाकी बिघडायला लागली. आधी पाण्यातल्या वेली काळ्या पडून विरघळल्या. मग टेट्रा गेले, एकेक करून. सकाळी उठावं तर एखादा वाळूवर आडवा. औषध घातलं, थोडं पाणी बदललं, खाद्य कमी केलं. मला काही उमगेना. दिवसभर काचेला नाक लावून बसायची. तपासणीचा दिवस जवळ येत होता आणि माझ्या मनात नाही नाही ते यायचं. ही टाकी माझ्या हातून वाचत नाही, तसा माझा आवाजही यायचा नाही, असं मी मनाशी घेतलं होतं. वेडेपणाच होता तो, पण गप्प माणसाच्या डोक्यात वेडेपणा साचतो. रात्री अंथरुणावर मी ओठ हलवून बाराखडी म्हणायची, आवाज न काढता. आतून काही येईल का, याची मला खात्री राहिली नव्हती.

एंजलची जोडी एकाच सकाळी गेली. मॉलींना मात्र काही झालं नव्हतं, त्या मजेत फिरत होत्या. याचंच मला कोडं पडलं. एंजल जाळीत घेऊन मी उभी होते, आणि खिडकीतून आलेलं ऊन काचेवर पडलं. पाण्याच्या वर, जिथून पाणी आटून खाली गेलं होतं तिथे, काचेवर पांढरी रेघ होती. बोट लावलं तर खरखरीत. मिठागराच्या गावची मी, ती रेघ ओळखायला मला कोणी लागलं नाही. बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. खारट. आमच्या खाडीत भर पावसात असतं तितकं खारट. मॉलींना असं खारं पाणीही चालतं, हे मला नंतर कळलं.

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या. जाळीतले मासे बघून त्यांनी कप खाली ठेवला. “गेले गो?” म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “आता तं रोज मूठभर घालत व्हती मी. सकाली, तू उटायच्या अगोदर. मंग का गेले?”

मी मिठाच्या बरणीकडे बोट दाखवलं. मग हात जोरजोरात हलवला, नाही, नाही, नाही. पाटीवरची ती दोन रेघांची खूण हवेत करून दाखवली. त्या गोंधळल्या. “आगो, तूच तं सांगितलंस. तुज्यामुलं बरे झाले, आता तूच बग त्यांच्याकडं, म्हनून. त्यानंच वाचून दावलं ना तुजं लिवलेलं?”

मी तशीच खाली बसले. सासूबाईंचा राग आला नाही. त्या बिचाऱ्या पहाटे उठून, आपल्या मिठागरातलं मीठ, सुनेची हौस म्हणून मायेनं मूठ मूठ घालत होत्या. मी त्यांचा हात धरला. त्या रडतच होत्या. पण माझ्या डोक्यात मासे नव्हतेच आता. मला त्या चिठ्ठीची आठवण झाली होती, जी देण्याऐवजी तोंडी सांगितली गेली होती.

संध्याकाळी हे आले. मी पाटी पुढे केली. ‘मीठ घालू नका, हे का नाही वाचलंत?’

“अगं, आई इतकी खूश होती. तिला वाईट वाटलं असतं. मी नंतर सांगणार होतो, राहून गेलं.” मग टाकीकडे बघून, “आपण दुसरे आणू मासे. उद्याच आणू.”

मी पुसून लिहिलं, ‘शाळेत काय सांगितलंत?’

हे घामेजलेल्या शर्टाची बटणं काढत राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर काय म्हणाले तू ऐकलंस ना? पुन्हा ओरडलीस की पुन्हा गाठी. साठ पोरांपुढे ओरडल्याशिवाय कशी शिकवणार तू? मला तुझी काळजी आहे म्हणून—”

‘काय सांगितलंत?’ मी पुन्हा लिहिलं. पेन्सिल मोडली.

“चांगलंच सांगितलं. वाईट काही नाही सांगितलं.” आणि हातातली पाटी हळूच काढून घेऊन ते म्हणाले, “आता डोकं शांत ठेव. घशाला त्रास होईल.”

भांडायला आवाज लागतो. पाटीवर भांडण होत नाही. तुम्ही लिहीत असता तोवर समोरचा उठून जातो. हेही उठून आईची समजूत काढायला गेले. आतून त्यांचा आवाज येत होता, मऊ, समजावणीचा. तोच आवाज मला इतकी वर्षं आवडत आला होता. त्या रात्री आम्ही तिघंही नीट जेवलो नाही.

सकाळी हे कामावर गेल्यावर मी साडी बदलली, पाटी पिशवीत टाकली आणि चालत शाळेत गेले. ऊन तापलं होतं. तपासणीला अजून दोन-तीन दिवस होते. शाळेत प्रवेशासाठी पालकांची गर्दी होती. मोठ्या बाई केबिनमध्ये होत्या, कपाटासमोर उभ्या राहून रजिस्टरं लावत होत्या. मला दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. “या, या! कशा आहात? बोलू नका हं, मला माहितीये तुम्हाला बोलायचं नाही. बसा.” आणि पुन्हा कपाटाकडे वळून त्या बोलतच राहिल्या.

“तुमचे मिस्टर येऊन गेले, मला सगळं सांगून गेले. मला फार वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण म्हटलं, बाईंनी स्वतःच ठरवलंय तर आपण आग्रह कसा करायचा? तब्येत महत्त्वाची. घर, मुलगी, सगळं बघायचं असतं बाईमाणसाला. आणि किती चांगल्या शब्दांत सांगितलं हो त्यांनी! ‘ती म्हणते, माझ्यामुळे शाळेचं अडायला नको, दुसऱ्या कोणाला संधी द्या.’ मी समितीला तसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं तुमचं. परवाच सही झाली ऑर्डरवर. नव्या बाई शेजारच्या गल्लीतल्याच आहेत, चांगली मुलगी आहे.”

मी पिशवीतून पाटी काढली. लिहिलंही. पण त्यांची पाठ होती माझ्याकडे, आणि पाटी वाचायला माणसाला वळून बघावं लागतं. त्या वरच्या फळीवरचं रजिस्टर खाली घेत होत्या आणि नव्या बाईंना कोणता वर्ग दिला, ते सांगत होत्या. तो वर्ग माझा होता. मी पाटी टेबलावर ठेवली. घशात काय आहे, काही आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, कसूर झाली तर आवाज कायमचा तसाच राहील ते. मग मी तोंड उघडलं.

“मी तसं म्हटलं नव्हतं.”

मोठ्या बाई गर्रकन वळल्या. माझीच मी दचकले होते. आवाज बारीक होता, पण स्वच्छ. त्यात घोगरेपणा नव्हता, चीर नव्हती. कित्येक वर्षांत मी स्वतःला असं ऐकलं नव्हतं.

मोठ्या बाईंच्या हातातलं रजिस्टर तसंच राहिलं. “अय्या!” त्या म्हणाल्या. “अहो, किती छान आलाय आवाज!” त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दारातून बाहेर वाकून, फॉर्म वाटत बसलेल्या दोघी शिक्षिकांना हाका मारल्या. “या गं, या लवकर! बघा, यांचा आवाज परत आला!”

त्या दोघी लगबगीनं आल्या. एकीनं माझा हात हातात घेतला. दुसरी म्हणाली, “कुठे? ऐकू दे ना आम्हाला. बोला ना काहीतरी पुन्हा.”

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हसत होत्या. मी पुन्हा तेच म्हटलं.